'बेझोआर्डिक' म्हणजे नक्की काय? आणि हा शब्द आला कुठून?

शब्दवेडी_फोंडा

नमस्कार मंडळी, एक शब्द दोन दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे विचारतेय. जुन्या गोव्यातल्या औषधांवर एका छोट्या मराठी अंकासाठी लेख लिहायला घेतलाय, त्यासाठी सतराव्या-अठराव्या शतकातली इंग्रजी वैद्यकाची पुस्तकं स्कॅन स्वरूपात चाळत होते, तर त्यात एका चूर्णाला 'बेझोआर्डिक' असं विशेषण लावलेलं सापडलं आणि त्याच पानावर खाली 'गोवा स्टोन'चाही उल्लेख! आपल्या गावाचं नाव असलेला दगड लंडनच्या औषधाच्या पुस्तकात बघून मी उडालेच.

मोबाईलमधल्या डिक्शनरीत हे विशेषण नाहीच, मोठ्या कोशात नुसतं 'बेझोआरसंबंधी' (बेझोआर म्हणजे जनावराच्या पोटात तयार होणारा, विषावर उतारा मानलेला खडा) एवढंच दिलंय, त्यातून काय कळणार कप्पाळ. म्हणजे ते चूर्ण बेझोआर घालून केलेलं होतं की बेझोआरसारखं काम करणारं होतं? दोन्हींत फरक आहे ना? शिवाय मूळ शब्द पोर्तुगीज आहे का, कारण एकाने मला सांगितलं की तो आपल्या 'बाजार'वरून आलाय. आणि मराठीत काय लिहायचं? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा, घाई नाही.

खोर्लीकर

ताई, बाजारवाली गोष्ट हवेतली नाही, ती छापील आहे आणि तीसुद्धा गोव्यातच छापलेली. गार्सिया द ओर्ता, ज्याच्या नावाने पणजीत चर्चसमोरची बाग आहे, तो पोर्तुगीज वैद्य 1534 साली हिंदुस्थानात आला, गोव्यात राहिला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडेही त्याचं जाणं-येणं होतं. त्याचा हिंदुस्थानी औषधांवरचा संवादरूपी ग्रंथ 10 एप्रिल 1563 ला गोव्यात छापून निघाला. आपल्याकडे छापखाना येऊन जेमतेम सात वर्षं झाली होती तेव्हा! (1556 ला आला.) त्यात एक आख्खा संवाद या बेझोआर दगडावर आहे.

ओर्ता म्हणतो की खुरासान आणि इराणात एक प्रकारचा बोकड असतो, त्याला तिकडे 'पाझान' म्हणतात, त्याच्या पोटात हा खडा तयार होतो म्हणून खड्याला 'पाझार', आम्ही पोर्तुगीज त्याचं बिघडवून 'बेझार' करतो आणि इथले लोक आणखी बिघडवून 'बाजार' म्हणतात, जणू काही बाजारातला दगड. आपल्या मातीत लिहिलेली इतकी जुनी नोंद आहे, तेव्हा लेखात ती यायलाच हवी असं माझं मत.

जुने_गोंय_वाटाड्या

खोर्लीकर दादा, नोंद जरूर यावी, पण ओर्ताची व्युत्पत्ती म्हणून यावी, शब्दाची खरी व्युत्पत्ती म्हणून नको. यावर मी जरा हट्टीच आहे कारण पर्यटकांना ही बाजारवाली गोष्ट फार आवडते आणि एकदा का ती छापली गेली की कायमची चिकटते.

खरं मूळ फारसी आहे. 'पाद-झहर'. यातला 'पाद' म्हणजे राखणारा, रक्षण करणारा आणि 'झहर' म्हणजे आपलं जहर. विषापासून राखणारा तो पादझहर. पुढे फारसीत झिजून 'पाझहर' झाला. अरबांकडे 'प' नाही त्यामुळे त्यांनी 'बाझहर', 'बादिझहर' असं केलं, अरबी वैद्यकाची पुस्तकं लॅटिनमध्ये गेली तेव्हा तिकडे 'बेझाहार' झाला आणि मग स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच अशी वळणं घेत इंग्रजीत 'बेझोआर' म्हणून पंधराव्या शतकाच्या अखेरीला उतरला. म्हणजे पोर्तुगीज इथे यायच्या आधीपासून हा शब्द युरोपात फिरत होता, तेव्हा पणजी-म्हापशाच्या बाजाराचा त्यात काही हात असूच शकत नाही. ओर्ताला बोकडाचं नाव आणि दगडाचं नाव एकसारखं ऐकू आलं, त्यावरून त्याने जोड लावली. माणूस विलक्षण चौकस होता, झाडं-औषधं स्वतः बघून लिहायचा, त्याबद्दल मला प्रचंड आदर आहे (मेल्यानंतर बारा वर्षांनी, 1580 ला, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली हे वाचलं की आजही पोटात कालवतं), पण शब्दांच्या बाबतीत तो ऐकीव माहितीवर विसंबला.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो ताई, 'घालून केलेलं की सारखं काम करणारं'. उत्तर दोन्ही, आणि त्याचं कारण या मुळातच आहे. मूळ शब्दाचा अर्थ 'दगड' नाहीच, 'उतारा' आहे. अरबी वैद्य कुठल्याही विषावरच्या उताऱ्याला हा शब्द वापरायचे, इंग्रजीतही सुरुवातीला बेझोआर म्हणजे कुठलाही उतारा असा अर्थ चालायचा, पुढे एका विशिष्ट दगडाला तो चिकटून बसला. म्हणून विशेषणालाही दोन अर्थ आले. एक, बेझोआरचा किंवा बेझोआर असलेला. दुसरा, विष उतरवणारा, मग त्यात तो खडा नावालाही नसला तरी चालेल. याचा पुरावा पाहिजे तर त्या काळी 'मिनरल बेझोआर' नावाचं औषध होतं, ते निव्वळ अँटिमनी या धातूपासून भट्टीत केलेलं, त्यात बोकडाचा काहीएक संबंध नाही.

आणि हे विशेषण नाम म्हणूनही चालायचं. सॅम्युएल जॉन्सनच्या 1755 च्या कोशात ते तसंच आहे, बेझोआर घातलेलं औषध या अर्थाने. त्या काळच्या डॉक्टरांची समजूत अशी होती की ताप, प्लेग, देवी हे सगळं शरीरात शिरलेलं एक प्रकारचं विषच, ते घामावाटे बाहेर काढायचं, म्हणून घाम आणणाऱ्या औषधांनासुद्धा बेझोआर्डिक म्हणायला लागले. तुमच्या पानावर ताप किंवा घाम असा उल्लेख आजूबाजूला असेल तर तिथे दुसरा अर्थ घ्या.

सांखळीची_माई

वाचताना जीव थाऱ्यावर राहिला नाही माझा. 'जहर' वाचल्यावर मला लगेच 'जहरमोहरा' आठवला! आमच्या लहानपणी घरात बाळगुटीची पुरचुंडी असायची, त्यात मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ, मायफळ, हिरडा असं सगळं, आणि सहाणेवर आईच्या दुधात एकेकाचे दोनचार वेढे द्यायचे, कशाचे किती वेढे ते आजीला तोंडपाठ. त्याबरोबर एका पितळी डबीत हिरवट-पिवळसर गुळगुळीत दगडाचा तुकडा वेगळा ठेवलेला असायचा, त्याला ती जहरमोहरा म्हणायची, आणि गोरोचन पण असायचं, ते महाग म्हणून कुणाला हात लावू द्यायची नाही. तर हा जहरमोहरा म्हणजेच बेझोआर का? आणि गोरोचन म्हणजे पण तेच का? मला आपलं दोन्ही एकच वाटत आलंय.

फार्मसीवाला_मडगाव

माई, तिन्ही वेगवेगळे हां, नावांची सरमिसळ मात्र शेकडो वर्षांची आहे.

गोरोचन म्हणजे गुराच्या पित्ताशयातला खडा. बेझोआर पित्ताशयातला नव्हे, पोटातला. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात केस, काडी, फळाची बी असं न पचणारं कायतरी अडकतं आणि त्याच्याभोवती क्षारांचे थर साचत जातात, कापला तर कांद्यासारखे एकावर एक पापुद्रे दिसतात आणि मधोमध ती काडी किंवा बी. इराणकडच्या रानबोकडाचा तो 'पूर्वेकडचा बेझोआर', त्याला भाव जास्त, आणि दक्षिण अमेरिकेतल्या लामा वगैरे जनावरांचा तो 'पश्चिमेकडचा', त्याला कमी. त्या रानबोकडाला अजूनही इंग्रजीत बेझोआर गोटच म्हणतात.

जहरमोहरा हे नाव युनानीत दोन्हींना चालतं, प्राण्याच्या पोटातल्याला आणि खाणीतल्यालाही. तुमच्या आजीच्या डबीतला हिरवट होता म्हणताय तर तो बहुतेक खाणीतला, सर्पेंटाईन जातीचा दगड, बाजारात जहरमोहरा म्हणून तोच जास्त मिळतो.

आता रसायनशास्त्रात हे विशेषण कुठे गेलं ते सांगतो, मला स्वतःला ही गोष्ट फार आवडते. जुन्या पुस्तकांत 'बेझोआर्डिक ॲसिड' असं नाव सापडतं. पूर्वेकडच्या बेझोआरमधून रसायनतज्ज्ञांनी एक आम्ल वेगळं काढलं आणि नंतर लक्षात आलं की हे तर आधीच माहीत असलेलं एलाजिक ॲसिड. डाळिंबात असतं, हिरड्यात असतं, मायफळात असतं. बोकडाने टॅनिनवाला, म्हणजे तुरट द्रव्य असलेला, पाला खाल्ला, त्यातून ते खड्यात साचलं. म्हणजे माई, ज्याच्यासाठी युरोपातले राजे सोनं मोजत होते त्यातला एक मुख्य पदार्थ तुमच्या बाळगुटीतल्या हिरड्या-मायफळात होताच. आणि 'एलाजिक' हे नावसुद्धा मजेशीर, ब्राकोनो नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने मायफळाला असलेला फ्रेंच शब्द 'गाल' (galle) उलट्या स्पेलिंगने लिहून ते बनवलं. गॅलिक ॲसिड हे नाव आधीच वापरलं गेलं होतं ना, म्हणून.

आजच्या मेडिकलमध्ये बेझोआर म्हणजे माणसाच्या पोटात साचलेला न पचणारा गोळा. केस खायची सवय असलेल्यांच्या पोटात केसांचा होतो तो ट्रायकोबेझोआर, भाजी-फळांच्या तंतूंचा तो फायटोबेझोआर. विशेषण मात्र डॉक्टर आता वापरत नाहीत.

एक गोष्ट कळकळीने सांगतो, विषय निघालाच आहे म्हणून. जत्रेत वगैरे 'साप चावला तर हा दगड लावा' म्हणून काळे खडे विकतात, कृपा करून त्याच्या नादी लागू नका. साप चावल्यावर अवयव हलवू न देता सरळ सरकारी हॉस्पिटल गाठायचं, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारी लस आपल्या देशात बनते. खडा लावण्यात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

शब्दवेडी_फोंडा

देव बरें करूं सगळ्यांना! एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. वाटाड्या दादा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं, आजूबाजूला ताप आणि घाम दोन्ही शब्द आहेत. आता दोनच शंका. गोवा स्टोनला बेझोआर्डिक म्हणायचं ते कुठल्या अर्थाने? आणि खरंच कुणी तपासून बघितलं नाही का हे काम करतं की नाही? इतके शतकं लोक नुसते विश्वासावर खात होते?

जुने_गोंय_वाटाड्या

गोवा स्टोनला दोन्ही अर्थांनी, आणि म्हणूनच या शब्दाचं त्याच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

खरा बेझोआर मिळेनासा झाला, महाग झाला, नकली माल सुटला, तेव्हा जुन्या गोव्यातल्या जेझुइटांनी (हा एक कॅथलिक धर्मसंघ) स्वतःच गोळा बनवायला घेतला. बनवणारा गास्पार आंतोनियो, मूळ फ्लॉरेन्सचा, धर्मगुरू नव्हे तर संघातला साधा ब्रदर. जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा इंग्रज सर्जन 1675 च्या सुमाराला गोव्यात आला होता, त्याचं प्रवासवर्णन 1698 ला छापलं गेलं, त्यात त्याने सांत रोकच्या पावलिस्तांच्या मठाचं वर्णन केलंय (जेझुइटांना इथे पावलिस्त म्हणायचे, सेंट पॉल कॉलेजवरून), ग्रंथालय, हॉस्पिटल, औषधांनी भरलेलं दुकान, आणि तिथे हा गास्पार आंतोनियो, म्हातारा झालेला, जवळजवळ आंधळा, पण त्याच्या या गोळ्यांमुळे मठाला वर्षाला 50000 शेराफीन मिळत होते. शेराफीन म्हणजे तेव्हाचं गोव्यातलं चांदीचं नाणं, नाव आपल्या अशरफीवरूनच. ते सांत रोक म्हणजे जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनचा पडका मनोरा आहे ना, त्याच टेकडीवर. लोक मनोऱ्याचा फोटो काढतात आणि उतरतात, शेजारी काय चालायचं ते कुणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

गोळ्यात बेझोआरची पूड, कस्तुरी, अंबर, मोती, पोवळं, माणिक-पाचूसारखी रत्नं असं कुटून मळायचे, गोल करायचे आणि वरून सोन्याचा वर्ख. म्हणजे त्यात बेझोआर होता हा पहिला अर्थ आणि विषावर, तापावर द्यायचे हा दुसरा. खायचा कसा तर थोडा खरवडून पाण्यात किंवा चहात. ठेवायला सोन्याच्या जाळीदार डब्या असायच्या, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या डबीचे फोटो ऑनलाईन आहेत, नक्की बघा, अंड्याएवढा गोळा, त्याच्याभोवती दोन अर्ध्या वाट्या एकमेकींवर बसवलेल्या, जाळीत पानं-वेली आणि प्राणी, त्यात एकशिंगी घोडासुद्धा, आणि खाली तिवईसारखे तीन पाय. 1759 ला पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने जेझुइटांना पोर्तुगीज मुलखातून हाकललं तेव्हा हा कारभारही बसला.

खोर्लीकर

तपासणीचं मी सांगतो. फ्रान्सच्या नवव्या चार्ल्स राजाकडे एक बेझोआर होता आणि त्याचा सर्जन आंब्रवाज पारे म्हणायचा की सगळ्या विषांवर एकच उतारा असूच शकत नाही, प्रत्येक विष वेगळ्या तऱ्हेने मारतं. राजवाड्यातल्या एका आचाऱ्याला चांदीची भांडी चोरल्याबद्दल फाशी झाली होती, त्याला विचारलं की फाशी घेतोस की विष घेऊन वर हा दगड घेतोस, वाचलास तर सुटलास. त्याने दुसरं निवडलं. पाऱ्याचं जालीम विष दिलं, वर खडा दिला, आणि तो बिचारा सातेक तास तळमळून मेला. पारेने स्वतः हे लिहून ठेवलंय. राजाने दगड आगीत टाकायला लावला. पण लोकांचा विश्वास काही उडाला नाही, पुढे दीडशे वर्षं विक्री जोरात.

कायद्यातसुद्धा हा दगड पोचला. 1603 चा इंग्लंडचा चॅंडेलर विरुद्ध लोपस हा खटला, वकील मंडळींना ठाऊक असेल. एका सोनाराने शंभर पौंडाला दगड विकला, बेझोआर आहे असं सांगून, आणि तो निघाला नकली. कोर्ट म्हणालं, नुसतं 'आहे' म्हणणं वेगळं आणि हमी देणं वेगळं, तेव्हा दावा टिकत नाही. गिऱ्हाईकाने डोळे उघडे ठेवूनच घ्यावं या तत्त्वाचं उदाहरण म्हणून तो अजून शिकवतात. ओर्ताची बाजू मी सोडत नाही हां, व्युत्पत्ती फारसी असेल पण दगड मिळायचा बाजारातच आणि फसगतही तिथेच व्हायची.

फार्मसीवाला_मडगाव

यात भर. 1715 साली लंडनमध्ये फ्रेडरिक स्लेअर या डॉक्टरने बेझोआरवर प्रयोग करून पुस्तकच काढलं की यात काही दम नाही. त्यानंतर हळूहळू ही औषधं फार्माकोपियातून, म्हणजे अधिकृत औषधांच्या ग्रंथातून, गळत गेली आणि त्यांच्याबरोबर हे विशेषणही. शब्द दुर्मिळ झाला तो असा, माल गेला तसं लेबलही गेलं.

आर्सेनिकबद्दल मात्र एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. खड्यातल्या केसांच्या प्रथिनात गंधक असतं आणि आर्सेनिकचा एक प्रकार गंधकाला चिकटतो, दुसरा प्रकार खड्यातल्या फॉस्फेटच्या क्षाराशी अदलाबदल करतो, असं विसाव्या शतकात अमेरिकेच्या स्क्रिप्स संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. त्या काळी राजेरजवाड्यांना घालायचं आवडतं विष आर्सेनिकच. पेल्यात खडा बुडवायची चाल होती ती अगदीच निराधार नव्हती, एवढंच म्हणता येईल, त्यावरून सर्व विषांवरचा उतारा सिद्ध होत नाही.

सांखळीची_माई

उच्चार कसा करायचा तेही सांगा कुणीतरी, नातीला सांगायचंय.

जुने_गोंय_वाटाड्या

माई, नाम इंग्रज 'बीझोर' असं म्हणतात, विशेषण 'बेझो-आर्-डिक', जोर 'आर्'वर. कुठे कुठे 'बेझोआर्टिक' असंही छापलेलं सापडेल, शब्द तोच. तो 'ड' कुठून आला म्हणाल तर फ्रेंच लोक नामाच्या शेवटी लिहितात पण उच्चारत नाहीत, लॅटिन विशेषणातही तो आहे.

ताई, मराठीत माझ्या मते जिथे अर्थ उताऱ्याचा आहे तिथे सरळ 'विषहर' लिहा, आपल्या वैद्यकातला रुळलेला शब्द आहे, वाचकाला अडखळायला होत नाही. जिथे खरोखर तो खडा घातलेला आहे तिथे 'बेझोआरयुक्त'. 'जहरमोहऱ्याचं चूर्ण' असं लिहू नका, फार्मसीवाल्या दादांनी सांगितलं तसं त्यातून खाणीतला दगड डोळ्यांपुढे येतो.

शब्दवेडी_फोंडा

पटलं. माझ्या पानावरच्या चूर्णाच्या कृतीत खेकड्याच्या नांग्या, मोती, पोवळं आणि शेवटी थोडा बेझोआर असं सगळं आहे, म्हणजे तिथे 'बेझोआरयुक्त' लिहिते, आणि पुढच्या परिच्छेदात घाम आणणाऱ्या काढ्याला तेच विशेषण आहे तिथे 'विषहर'. ओर्ताची बाजारवाली गोष्ट चौकटीत, त्याच्या नावाने, आणि लगेच खाली पादझहर. लेखाचा कच्चा मसुदा रविवारी इथेच टाकते, फार्मसीवाले दादा, एलाजिक ॲसिडचा भाग तुम्ही एकदा नजरेखालून घाला.

फार्मसीवाला_मडगाव

जरूर. गॅलिक आणि एलाजिक दोन्ही नावं आली की लोक हमखास गोंधळतात, तेव्हा तो भाग जरा सुटा करून लिहा. रविवारी दुकान अर्धा दिवसच असतं, दुपारनंतर वाचतो.